चतुर्दशी, घाटीगाव रस्ता

पौर्णिमेला नाही, आदल्या दिवशी जायचं.
पौर्णिमेचा चंद्र धुळीतून सुटेपर्यंत
जमीन काळी पडते, आणि तो
कागदाला पडलेल्या भोकासारखा दिसतो, निव्वळ पांढरा.
चतुर्दशीला ऊन शिल्लक असतानाच वर येतो,
फिका, पाण्यात टाकलेल्या बत्ताशासारखा,
आणि जमीन नि तो एका चौकटीत मावतात
सतरा-अठरा मिनिटं.

म्हणून चैत्र चतुर्दशी. दुकानाला कुलूप.
पाटणकर बाजारातून ट्रायपॉड स्कूटरला बांधून
घाटीगावच्या रस्त्याला, बंद खदानींपाशी.
झाड नाही.
दगड कापून नेल्यावर उरलेल्या पायऱ्या,
आणि चुरा, वाऱ्याने लाटा लाटा रचलेला,
फिकट गुलाबी, दिसेल तिथवर.
कुणालाही वाटावं, वाळवंट.
वाळवंटाला कुणी मापं घेत नाही.
इथे प्रत्येक कडा गुण्याने तपासलेली.

चौकीदार आला. हरविलास.
"किसका फोटू?"
चंद्राचा.
"वो तो घर से भी दिखता है, बाई."

मी सांगितलं, मोठं भिंग आहे,
एवढंसं हललं तरी चंद्र अंड्यासारखा लांबतो.
त्याने मान डोलावली,
दहा पावलं खाली उतरून उकिडवा बसला,
गमछा तोंडावर.
आल्यापासून खोकत होता, कोरडं,
करवत फरशीत अडकावी तसं.
आता आवाज नाही.

चंद्र आला, मी धरला होता तिथून नाही,
बराच डावीकडे, गंजक्या क्रेनच्या काखेतून.
ट्रायपॉड उचलला, पुन्हा रोवला, चाक फिरवलं.
अर्धा सेकंद. थोडं कमी. अजून थोडं.
सात चौकटी.
दिवसभर मी माणसांना सांगत असते,
कान दिसू द्या, हनुवटी जरा खाली, श्वास रोखा.
ह्याला काही सांगितलं नव्हतं.

सातव्या चौकटीनंतर जो खोकला
तो थांबेचना. एक हात गुडघ्यावर,
दुसरा वर करून मला खूण:
घ्या, अजून घ्या.

पाणी दिलं. तोवर चंद्र फार उजळला होता.
दवाखान्याच्या फॉर्मला दोन फोटो लागतात, म्हणाला,
पांढऱ्या पडद्यासमोरचे.
या म्हटलं दुकानात, पैसे नकोत.
वैशाख गेला. ज्येष्ठही निम्मा.

फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावलाय.
"जैसलमेरचा का?" विचारतात.
खदान म्हटलं की हसतात.
परवा पासपोर्टसाठी आलेल्या एका मुलाने
डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.
तिथे काळपट ठिपका आहे, दगडाएवढा.
"काकू, हा काढता येतो की. दोन मिनिटांचं काम."

येतो, म्हटलं.
बस तू. कान दिसू देत.
हनुवटी जरा खाली.
श्वास घेत राहिलास तरी चालेल.