उजवा मागचा

स्विंडनच्या या जोडघरात
पुढची खोली बारा फूट बाय चौदा,
त्यात खिडकीचं पोट बाहेर आलेलं,
आणि जुनी शेकोटी बुजवली तिथली भिंत
कुणी न विचारताच उत्तर देते.

मी फीत धरून मोजते.
डावा स्पीकर भिंतीपासून दोन वीत,
उजवा रेडिएटरला टाळून.
दोघांची तोंडं किंचित आत,
लग्न ठरवायला आलेले पाहुणे
थेट नाही, पण मुलीकडेच बघत असतात, तशी.
मधला टीव्हीखाली. संवाद सगळे त्याच्याकडे,
म्हणून त्याच्या हनुवटीखाली लाकडी पाचर,
बोलणं गुडघ्यावर न पडता कानावर पडावं.

सबवूफरची जागा शोधायची रीत अशी :
त्याला उचलून सोफ्यावर बसवायचं, आपल्या जागी,
आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं,
खर्ज जिथं घट्ट लागेल, घरंगळणार नाही,
तिथं खडूची खूण.
एकसष्टाव्या वर्षी मी रांगले.
विश्राम दारात, दोन्ही हातांत मग.
"काही हरवलंय?"
"हो. चाळीस हर्ट्झ."

सापडले ते नेमके
मॉरीन टकवेलच्या भिंतीपाशी.
भिंतीला कान असतात म्हणे.
या भिंतीला नर्स आहे, रात्रपाळीची,
दुपारी दोनपर्यंत झोपलेली.
सबवूफर समोरच्या कोपऱ्यात गेला.
तिथं तो जरा गुरगुरतो.
गुरगुरू दे.

मग मायक्रोफोन, तिपाईवर,
सोफ्याच्या मधोमध, माझ्या कानाच्या उंचीला.
फ्रीजसुद्धा बंद केला.
एकेक स्पीकर आळीपाळीनं फसफसला,
शिट्टी व्हायच्या आधीचा कुकर जसा,
आणि यंत्रानं हिशेब मांडला :
उजवा मागचा, आठ फूट दोन इंच. ठीक.

ठीक.

विश्रामचा उजवा कान
तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी गेला,
दात घासता घासता.
ना ताप, ना ठणका. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी.
तेव्हापासून तो एका कानानं ऐकतो
आणि सोडून द्यायला दुसरा कान नाही.
त्या वर्षी स्वयंपाकघरात मी जे बोलून गेले
ते अजून आतच आहे त्याच्या.
मी विचारलेलं नाही.

सिनेमा लावला. हेलिकॉप्टर
डावीकडून निघालं, डोक्यावर आलं,
आणि माझ्या उजव्या खांद्यामागं
इतकं खरं उतरलं की मी मान वळवली.
त्याचं मात्र छतावरच कुठंतरी विझलं.
"छान आहे," तो म्हणाला,
सोफ्याच्या डाव्या टोकावरून, दिव्याजवळून.
मी त्याच्या उजवीकडे. नेहमीसारखी.
मला स्वयंपाकघराचं दार जवळ पडतं म्हणून
तीन वर्षं त्या मेलेल्या कानाशी बोलत आलेली.

खोलीतला इंच न् इंच मोजला होता मी.

"सरक," म्हटलं.
"का?"
"सरक रे."

आता मी डाव्या टोकाला. दिवा डोळ्यांवर येतो.
मधल्या जागेवर कुणीच नाही,
तिथं बिस्किटांचा डबा.
घोटीव आलेख, तीस अंशांचे कोन,
सगळं थोडं थोडं चुकलंय.
"मागून काय येतंय?" तो विचारतो.
मी डाव्या कानाशी वाकते :
"घोडा. थांब, दोन घोडे."
"कुठल्या बाजूनं?"
"तुझ्या उजवीकडून."
तो उजवीकडे बघतो, पडद्यामागं,
घोडे तोवर निघून गेलेले असतात.
एवढा उशीर भरून काढायची सोय
त्या यंत्राच्या यादीत नाही. मी शोधली.

"आणि आता?"
"कुणीतरी जिना उतरतंय."
"सिनेमात की मॉरीनकडे?"

मी आवाज बंद करते.
दोघं बसून राहतो.
किल्ल्या. दार. मग तिची गाडी
एकदा खोकून सुरू होते.

"मॉरीनकडे," मी म्हणते.
"ऐकलं मी," तो म्हणतो.