आढळले नाहीत

झिंगूजी नन्नावरेंचा फोन आला पावणेदोनला.
आधी खोकले, मग नुसता आवाजच ऐकवला,
मोबाइल लिफ्टच्या खड्ड्यावर धरून:
ऑंव... ऑंव...
रिकाम्या पिंपात कुणी भाता ओढतंय.
"मॅडम, बेंडकं बोलून रायले. येऊन जा.
सेक्रेटरी साहेब म्हनते, फिनाइल टाक.
मी म्हटलं, सकाळी टाकतो."

बेसा रोडला पाणी. स्कूटी अर्धी ढकलतच नेली.
बेसमेंटमध्ये तीन गाड्या, गणपतीच्या मंडपाचे बांबू,
लिफ्ट चौथ्यावर थांबवलेली, दारात प्लास्टिकची खुर्ची अडकवून.
खड्ड्यात गुडघाभर पाणी, त्यावर ग्रीसचा तवंग,
चिप्सचं एक पाकीट.

हात आधी त्याच पाण्यात बुडवायचे.
कोरडा हात त्यांना भाजतो.
साबण नको, क्रीम नको, डासांचं मलम तर नाहीच,
आपल्या कातडीवर जे, ते त्यांच्या रक्तात.
म्हणून डास चावत राहतात
आणि मी मोजत.
नर सात.
माद्या दोन, त्यातली एक अंडी घालून मोकळी,
पोट सुरकुतलेलं.
पाठीवर विटकरी पट्टे, घाईत काव ओढल्यासारखे.
अंडी पाण्यावर एका थरात पसरलेली,
भिजत घालून विसरलेला साबुदाणा.

झिंगूजींच्या हातात टॉर्च. हात हलत नाही त्यांचा.
"इथंच बोडी होती ना आमची. शिंगाडे लावत होतो.
त्या खांबापाशी, नाही नाही, जनरेटर हाये नं, तिथं
माह्या बापाचा डोंगा राहे."
मी काटा वाचत होते. अकरा ग्रॅम.
पुन्हा वाचला. अकराच.
त्यांना सांगितलं नाही
की बोडी मी पाहिलेली आहे.

नऊ वर्षं झाली. मार्चची दुपार,
कन्सल्टन्सीची जीप, टोपी, कोरी पदवी.
तळाला भेगा, काठाला बेशरमाची झुडपं,
दोन म्हशी, कुणाची तरी एकच चप्पल.
दोन तास फिरले. काठीनं चार दगड उलटवले.
फॉर्मवर लिहिलं, उभयचर: आढळले नाहीत.
खोटं नव्हतं. नव्हतेच आढळले.
विटेसारख्या कडक चिखलाच्या हातभर खाली
डोळे मिटून बसले होते, उपाशी,
माझे बूट डोक्यावरून जाताना
कदाचित त्यांना कळलेही असतील.
डबा तिथेच खाल्ला. सही केली.
त्या ओळीवर आता सात मजले आहेत
आणि गच्चीवर सोलर.

आजच्या फॉर्मवर अधिवासाचा रकाना:
तलाव, भातशेत, नाला, इतर.
'इतर'वर खूण केली. पुढे बोटभर जागा.
लिहिलं: बोडी.
झिंगूजींनी वाकून पाहिलं. "हो, बोडीच,"
ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिल्यासारखं.

यांना नेऊ कुठे? बादली आणली होती मी, झाकणासकट.
गोरेवाड्याला सोडलं तर तिथे यांचं कोण आहे?
अंडी हलवली की फुटतात.
सेक्रेटरीशी सकाळी बोलायचं,
आणि बोलायला माझ्याकडे आहे काय, तर हा कागद.
असाच एक कागद तेव्हाही होता.

मी वर चढून आले, हात पुसते आहे,
तोच चौथ्यावर कुणीतरी खुर्ची काढली.
दोर थरथरले. खालचे सगळे एकदम गप्प.
लिफ्ट आली, रिकामीच.
दार उघडलं, दिवा लागला, दार मिटलं,
गेली वर.

स्टॉपवॉच दाबलं. सवय.
तीस सेकंद. साठ.
"बोलतीन," झिंगूजी म्हणाले, "बसा जरा."
बांबूंवर बसलो दोघं. टॉर्च विझवला त्यांनी.
एक मिनिट चाळीस.
डावीकडून, जनरेटरच्या अंगानं,
एक.