तिऱ्हाईत

बाकलीवालांच्या ऑफिसातला पंखा माझ्याकडे वळतच नाही.
नवलखा, दुसरा मजला, खाली कचोरीची कढई,
आणि टेबलावर बाबांची गाडी:
एमपी शून्य नऊ, करडा रंग, बाराशे सीसी.
कागदावर तिला एकही ओरखडा नाही.

"बिटिया, कायद्याला एवढंच लागतं."
त्यांचं बोट थर्ड पार्टीवर. तीन हजार चारशे सोळा.
दिल्लीत ठरतो हा आकडा, घासाघीस चालत नाही.
वर मालकाचा अपघात, पंधरा लाखांचा.
बाकी मर्जी तुमची.
गाडी चोरीला गेली, जळली, पुलाखाली बुडाली,
तर रडायला तुम्ही आहातच.

म्हणजे सरकारला काळजी तिऱ्हाइताची.
जो अजून रस्त्यावर आलेलाही नाही,
चहा पीत असेल कुठेतरी,
त्याच्या हाडांचे पैसे आधी भरा,
मग चावी लावा.

"इंदौर झोन बी में है," ते जरा फुशारून,
"पुण्यात हीच गाडी महाग पडते."
पुण्याची आत्या आठवली.
मी 'पाणी भरून राहिले' म्हटलं की पदराआड हसायची.
घ्या आत्या,
ब असण्याचा एकदा तरी फायदा.

मग ते चष्मा पुसतात, आवाज खाली आणतात,
शोकसभेत आणतात तसा:
"बाबांनी अकरा वर्षांत एकदाही क्लेम नाही केला.
पन्नास टक्के सूट. वारसाला मिळते.
मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज."

जमीन नाही, सोनं नाही.
कधी काही न मागितल्याबद्दल
अर्धं माफ,
एवढं माझ्या नावावर.

पण त्या गाडीचे पोचे मला पाठ आहेत.
रविवारी छावणीत, इस्माईल डेंटरची रबरी हातोडी,
बाबा शेजारी स्टुलावर, पुट्टी वाळेपर्यंत.
बाराशेसाठी पाच हजारांचा बोनस घालवू? म्हणायचे.

आणि डायरी, पीयूसीच्या पावत्यांखाली.
पेट्रोल. हवा. वायपर.
दर महिन्याच्या पाच तारखेला
गेंदालाल, पाय, ८००.
गेंदालाल, पाय, ८००.
चार वर्षं. शेवटी शेवटी नुसतंच 'गें.'

जुन्या पॉलिस्या लावून पाहिल्या.
एक संपली सात ऑगस्टला,
पुढची सुरू तेवीसला.
पहिला गेंदालाल अठराचा.
त्या दिवशी रक्कम मोठी, समोर 'मल्हारगंज',
आणि अक्षर बाबांचं वाटत नाही.

विसरले होते, की हात तंग होता,
की उद्या भरू, उद्या भरू?
नव्वद दिवसांच्या आत भरलं की बोनस टिकतो.
टिकला.

हातगाडी होती त्याची, की सायकल?
ठाण्यात तो गेला नाही, की जाऊ दिलं नाही?
ते आठशे दया होती, की तोंडाला कुलूप,
की बाबांनी स्वतःच काढलेला विमा,
उशिरा,
पावतीशिवाय?

"कोई पुराना क्लेम बाकी तो नहीं?"
फॉर्मवर त्यासाठी चौकोन आहे.
मी 'नाही'वर खूण करते.
खोटं नाही ते. कंपनीकडे काहीच बाकी नाही.

खाली स्टिअरिंग धरवत नाही इतकं तापलेलं.
प्रिंटरची ऊब असलेला कागद डायरीवर ठेवते.
बाबा गेल्यापासून तीनदा पाच तारीख येऊन गेली.
कुणी दारात आलं नाही.

मल्हारगंजात दुसऱ्या गिअरवर शिरते.
मागचा रिक्षावाला हॉर्न सोडतच नाही.
"ओ मॅडम, चलाओ ना!"
चालवतेच आहे भिया,
दोन्ही बाजूंनी जाणाऱ्यांच्या
पायांकडे बघत.