यंत्र क्रमांक सतरा

किप्सेलीतल्या त्या सहा मजली इमारतीत
जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वीस यंत्रं ठेवली.
काड्यापेटीएवढी, पांढरी, मुकी.
दर दहा मिनिटांनी खोलीची नाडी बघायची
आणि लिहून ठेवायची, एवढंच त्यांचं काम.

गच्चीवर डांबर. डांबरावर अथेन्सचं आकाश.
भिंती दिवसभर ऊन गिळतात
आणि सगळे आडवे झाले की
अंधारात रवंथ करत बसतात.

इमारतीच्या पोटात उजेडासाठी सोडलेली एक विहीर आहे,
जेमतेम चार हात रुंद.
पूर्वी तिच्यातून तळलेल्या माशांचा वास वर यायचा,
भांडणं खाली जायची,
आता अकरा एसींची तोंडं तिच्यात उघडतात.
दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य गार होतो
आणि त्याची झळ
चौथ्यावर, पाचव्यावर
बिनबोलावता चढत जाते.
माझ्या प्रबंधात याला समीकरण आहे.
तळघरातला सिलेटचा शफीकुल हसून म्हणतो,
"ओल आहे, झुरळं आहेत, पण बाई,
यंदा पहिल्यांदाच
तळाला असण्याचा फायदा झाला."

सहाव्यावर कीरिया आरिस्तेआ. वय त्र्याऐंशी.
एसी आहे. मेलबर्नच्या मुलाने बसवून दिलेला.
त्याच्यावर भरतकामाचं कापड घातलंय,
नीट, चारी कोपरे सारखे.
"बिल बघितलंस का त्याचं?" एवढंच म्हणाली.
दुपारी पाय टबात. रात्री उशी घेऊन फरशीवर.
महिन्याची वीज त्रेचाळीस युनिट,
त्यातली बहुतेक फ्रिजची.
पहाटे तीनला तिच्या खोलीत
तेहतीस अंश आठ.

मग सतरा तारखेला रात्री
यंत्र क्रमांक सतराने लिहिलं: पाच अंश चार.
अठराला पाच अंश एक.
एकोणीसलाही तेच.
सगळं शहर कढईत असताना
ही एकच रेघ खाली कोसळलेली, सरळ,
विहिरीत पोहरा सुटावा तशी.
मी बॅटरीला दोष दिला. मग कंपनीला.
मग जिने चढून वर गेले, लिफ्ट बंद होती.

तिने फ्रिज उघडला.
चीजच्या डब्याआड, जर्दाळूंच्या वाटीशेजारी,
हातरुमालात गुंडाळलेलं,
सतरा.
"लाल दिवा लागला होता गं त्याला.
तापच चढला असणार.
परक्याचं लेकरू, माझ्या घरी येऊन
काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

लाल दिवा मेमरी भरत आल्याचा होता.
मी ते सांगितलं नाही.

संध्याकाळी तक्त्यात चारशे बत्तीस आकडे खोडले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वगळले, यंत्र शीतकपाटात.
का, ते लिहायला रकान्यात जागा होती,
वीस अक्षरं मावली असती.
प्राध्यापक म्हणाले, मिर्सीनी, असं होतंच,
माणसं नमुन्यात लुडबुड करतात.
खरंय. फ्रिजसुद्धा पाठीमागून उष्णताच फेकतो,
त्या तीन रात्री तिचं स्वयंपाकघर
कणभर अधिकच तापलं असणार.
किती, ते मोजणारं यंत्र
आत होतं.

निघताना तिने विचारलं होतं,
"आता बरं आहे ना त्याला?"
मी हो म्हणाले.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर
दंतवैद्याचं दार किलकिलं होतं.
फटीतून गारवा घोट्यांवर आला,
मांजरासारखा, अंग घासत.
मी तिथे थांबले.
चप्पल नीट करायला लागतो
त्याहून बराच जास्त वेळ.
त्याची नोंद कुठेच नाही.