बास

ऐरोलीत, सहाव्या मजल्यावर, माझं नाव पाओला.
खाली गेटवर ओळखपत्रात भाविका मोरेश्वर नाखवा असते,
लिफ्टमध्ये कुठेतरी ती उतरून जाते.

सकाळचे दहा. शिफ्ट संपायला वीस मिनिटं.
काचेबाहेर खाडीवर ऊन, पुलावर टेंपोंची रांग,
आणि हेडफोनात मेक्सिकोतल्या एर्मोसियोची
कालची रात्र, अजून न संपलेली.

गिऱ्हाईक एरिबेर्तो. कार्ड ब्लॉक.
दोन बिअर, एक टोपी, मशीन नको म्हणतंय.
त्याच्या पाठीमागे अख्खं मैदान माणसं.

मी विचारते, आईचं माहेरचं आडनाव?
तो ओरडून सांगतो. पोचत नाही.
मधे बारा तारांची गिटार
नखांनी पत्रा खरवडावा तशी धावत जाते,
कुणीतरी आऽऽहूआ करून आरोळी ठोकतो.
हळदीला आमच्या गल्लीत बाळ्यामामा ठोकायचा, तश्शीच,
निम्मी आनंदाची,
उरलेली कसली ते कधी कुणी विचारलं नाही.

आणि खालून, सगळ्याच्या खालून,
ते.

ते मला स्पॅनिशच्या क्लासात नाही शिकवलं.
चेंदणी कोळीवाडा, नवतरुण ब्रास बँड,
शेवटच्या रांगेत पप्पा,
अंगाभोवती पितळेचा अजगर.
नोटा ओवाळायच्या त्या क्लॅरिनेटवर.
बासवाल्याकडे बघतं कोण?
तो दम घ्यायला थांबला
की नाचणाऱ्यांचे पाय तेवढे चुकायचे.
रात्री दहाला हवालदार यायचा
आणि नेमकं वाद्याचंच नाव घ्यायचा :
बास.

सेन्योर एरिबेर्तो, मी म्हणते, तो तुबा…
मागे एकाएकी शांतता.
गायक काहीतरी बोलतोय, दबक्या आवाजात.
एरिबेर्तो मला समजावतो, जणू मी शेजारच्याच खुर्चीत आहे :
पुढचं गाणं म्हणायला सरकारची मनाई आहे, सेन्योरिता.
कुणाला मारलं, कुणी मारलं, ट्रक कुठे लपवला,
सगळं आहे त्यात, नावगावासकट.
म्हटलं तर त्याला दंड.
मग?
मग काय. त्याला मनाई आहे. आम्हाला कुठेय?

तुबा सुरू होतो.
गायकाचं तोंड बंद असणार.
आणि ते मैदान, पहिल्या शब्दापासून,
एकही अक्षर न गाळता,
खून, ट्रक, आईचा निरोप, सगळं,
पाढे म्हणावेत तसं म्हणत सुटतं.
जवळच एक बाई म्हणतेय, बेसूर, रडत.
तिचं कोण होतं त्या गाण्यात?

नियम असा की गिऱ्हाईकाला होल्डवर ठेवायचं.
मी स्वतःला म्यूट केलं.
अकरा मिनिटं.
कार्ड ब्लॉकच राहिलं,
टोपीचं काय झालं माहीत नाही,
मधेच फोन कटला.

सोमवारी शेरा आला : बहात्तर टक्के.
कॉल विनाकारण लांबवला.
बाकी काही लिहिलं नव्हतं.
अकरा मिनिटं ऐकून त्या माणसाला
बाकी काही ऐकूच आलं नव्हतं.

पण ते सोमवारी. त्या दिवशी मी घरी गेले.
पप्पा मोरीशी बोंबील साफ करत होते.
पुढचे दात गेले तेव्हाच त्यांचे ओठ बेकार झाले,
मग डीजेचा ट्रक आला,
मग बास वजनावर गेला, साडेनऊ किलो.
मी चप्पल न काढता त्यांना गुणगुणून दाखवलं.

तिसरी चुकतेस, मान वर न करता म्हणाले.
हे तीनाचं आहे. आपण दोनाचं वाजवायचो.
थोड्या वेळाने :
पोलीस आले?
आले असतील. मला कळलं नाही.

त्यांनी सुरी बाजूला ठेवली,
माशाच्या हातांनीच गाल पुसले, फुगवले,
दातांच्या फटीतून निम्मी हवा वाया गेली,
उरलेल्या हवेत

भूं, पप्पा म्हणाले. भूं. भूं.
मांडणीवरचं एक ताट हललं.