मानस

मी शिकले त्या मराठीत मानस म्हणजे मन.
दिवाडी बेटावर मानस म्हणजे दार,
बांधाच्या पोटातलं, जाड फळ्यांचं.
भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं,
चुकलं तर मांडवी शेतात शिरते
आणि दोन-तीन पावसाळे भात धरत नाही.

हे दार एर्मेलिंदाकडे आहे.
आधी ओलेंसिओकडे होतं, त्याआधी त्याच्या बापाकडे.
ओलेंसिओ तारवटी झाला,
पहिली काही वर्षं नाताळला यायचा,
मग पैसे यायचे, मग नुसता आवाज.
शेवटचा फोन ग्रीसच्या कुठल्याशा बंदरातून.

"त्या गावची काही गोष्ट असेल गो तुझ्या पुस्तकांत?"
तिने विचारलं, म्हणून मी
दर शनिवारी रायबंदरच्या फेरीतून
तीन हजार वर्षांपूर्वीचं एक बेट
पिशवीत घालून नेऊ लागले.

बांधावर बसून सांगितलं:
राजा युद्धाला गेला, वीस वर्षं फिरकला नाही.
राणी दिवसा विणते, रात्री उसवते.
मागणी घालणारे अंगणात बसून
तिचीच डुकरं खातात.

एर्मेलिंदा जाळ्यातून काळुंदर सोडवत होती.
"वीस वर्षं," ती म्हणाली,
"आणि बेटाचे बांध कोण बघत होतं?"
ते पुस्तकात नव्हतं.

मागणी तिलाही येते.
पणजीहून पांढऱ्या गाडीतून माणसं येतात,
बाल्कांवात बसून नकाशा पसरतात.
एकाने तर केक आणला होता, वर चेरी लावलेला.
नवरा कुठे असतो, विचारतात,
सही कुणाची चालेल, विचारतात.
ती म्हणते, पाणी उतरू दे, मग बोलू.
पाणी उतरतं.
ती म्हणते, आता चढायला लागलं.
अकरा वर्षं झाली,
त्यांच्यातल्या कुणालाही अजून
भरतीचं वेळापत्रक वाचता येत नाही.

ज्या शनिवारी राजा परतला
त्या दिवशी मी जरा घाईनेच वाचलं:
धनुष्य, बाण, अंगणभर रक्त,
आणि एका दोरीला लटकवलेल्या बारा दासी.
ती थांबली. हातातला मासा तडफडत राहिला.
"त्या पोरींनी काय केलं होतं?"
मी म्हटलं, त्या माणसांबरोबर निजल्या.
"कुणी विचारलं होतं त्यांना?"
मी पान उलटलं. मागेही काही नव्हतं.
"राणी तेव्हा कुठे होती?"
झोपली होती, मी म्हटलं.
"म्हणजे बघ," एवढंच बोलून ती उठली,
कारण पाणी फिरलं होतं.

गुडघाभर चिखलात उभी राहून
दोन्ही हातांनी फळी ओढताना म्हणाली,
"ओलेंसिओशी इमानी होते का, देवाला ठाऊक.
एक नातालिनो होता, जाळी विणणारा.
त्याचं सोड.
पण भरतीशी होते.
ती रोज पाऊण तास उशिरा येते,
कधी मध्यरात्री, कधी मिसा चालू असताना.
एकदाही तिला दार उघडं सापडलेलं नाही."

ओलेंसिओ मे महिन्यात आला.
धनुष्य नव्हतं, गुडघ्यावर पट्टा होता,
आणि इंजिनाच्या आवाजाने एक कान गेलेला.
पहिल्या रात्री तिने त्याला काही विचारलं नाही.
पहाटे सव्वातीनला उठून
दारात कंदील ठेवला आणि थांबली.
तो घोरत होता.
थोडा वेळ थांबली, मग एकटीच गेली.
चौथ्या रात्री म्हणे कंदील जागेवर नव्हता.
बांधावर तो उभा, फळी उलटी धरून.
"उलटी!" ती ओरडली, चांगल्या कानाच्या बाजूने.

हे सांगताना ती इतकी हसली
की मलाही हसावं लागलं.
मग पदराला... नाही, फ्रॉकला हात पुसून
माझ्या पिशवीत कोरगुटाचे दोन शेर ओतत म्हणाली,
"आणि तुझा गो? तो कुठे असतो?"

फेरीने भोंगा दिला.
मी म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते.
पुढचा शनिवार आला की म्हणते,
आता पाणी चढायला लागलं.