उगाडो

खोतीगावच्या रानात त्याला उगाडो म्हणतात.
मी म्हटलं, उघडाच की.
माघ संपत आला, अंगावर एक पान नाही,
आणि पायाशी मात्र ढीग:
हृदयाच्या आकाराची, हाताएवढी, वाळकी.
मागची लव अजून बोटाला लागते.

टेप लावायला गेले तर बुंधा सापडेना.
बुंध्याच्या आधी भिंती,
मुळांच्या, माझ्या डोक्याहून उंच.
दोन भिंतींमधल्या खोलीत
साळिंदराचा एक काटा
आणि कुणीतरी विसरलेली चुन्याची डबी.
"माझीच," कुष्टा वेळीप म्हणाला,
"गेल्या पावसात शोधून दमलो."

घेर: भिंतींच्या वर, शिडी लावून, तीन मीटर ऐंशी.
साल: राखी, गुळगुळीत, तेलाचा हात फिरवल्यासारखी.
उंची: कोनमापक म्हणतो, एक्केचाळीस मीटर.
कुष्टा म्हणतो, तीन माड, एकावर एक,
आणि वर पाडेली, कमरेला कोयता.

पहिल्या फांदीपर्यंत काहीच नाही,
नुसतं चढत जाणं.
मग आग्या माश्यांची पोळी, सात,
वाळत टाकलेल्या काळ्या घोंगड्या.

"लिंग" या रकान्यापाशी मी थांबले.
ह्या जातीत नर वेगळा, मादी वेगळी,
फूल बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही.
कुष्टानं गळलेला तुरा उचलला,
तळहातावर धरून फुंकला.
पिवळी भुकटी उडाली.
"हो दादलो. बायल न्हंये पलतडीं आशिल्ली."

आशिल्ली. होती.
हलकं लाकूड, पाण्यावर तरंगणारं.
प्लायवूडवाल्यांनी नेलं तेव्हा
कुष्टाची धाकटी रांगत होती.
आता ती मडगावला नर्स आहे.

तुरा मी वर्तमानपत्रात दाबला.
पाकळ्या नाहीतच. चार निदलं, चार पुंकेसर,
भिंगाखाली सगळं चारचार.
पान "वधू पाहिजे"चं निघालं.
बदललं नाही.

"मग दर वर्षी फुलतो कशाला?"
कुष्टानं डबी उघडून पाहिली.
चुन्याचा दगड झाला होता.
वर माश्या घोंगावत होत्या,
काही नदीच्या बाजूला जात होत्या,
काही घाटाच्या.
घाटापलीकडे कर्नाटक.
तिथलं मी काही मोजलेलं नाही.